ताश्कंदचा सामना आणि माझी छत्री

चार वर्षांपूर्वी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक अंकात माझा एक लेख आला होता. परदेशात आपल्या संघाचा फुटबॉल सामना बघायला जाणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी, असा त्याचा विषय. त्यात सतरा सूचना होत्या. संघातलं कोणीही फुटबॉल बघायला परदेशी जाणार नव्हतं, तरी दोघांनी तो लेख लॅमिनेट करून ठेवला. त्या लेखात शेवटाकडे एक वाक्य होतं : 'सामन्याच्या अखेरीस माझे मित्र बबनराव यांना चक्कर आल्याने आम्हाला लवकर निघावे लागले.'

हे वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे मला माहीत आहे आणि बबनरावांना माहीत आहे. तिसऱ्या माणसाला मी आजवर सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली की मी दुसरा विषय काढत आलो. आता वय अठ्ठ्याहत्तर झालं, काढायला विषयही उरले नाहीत. शिवाय पुढच्या महिन्यात एक विमान सुटणार आहे, आणि त्यात बबनराव बसणार की नाही हे त्या एका वाक्यावर अडलंय. म्हणून तोच प्रवास पुन्हा एकदा, यावेळी खरा लिहितो.

आधी माझी एक सवय सांगायला हवी. मी पाटबंधारे खात्यातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. कुठलाही कार्यक्रम संपायच्या दहा मिनिटं आधी मी उठतो. नाटक असो, व्याख्यान असो, स्वागतसमारंभ असो. सगळे एकदम बाहेर पडले की स्कूटर काढता येत नाही. पन्नास वर्षांत मी एकाही नाटकाचा शेवट पाहिलेला नाही. खुनी कोण होता ते मला दुसऱ्या दिवशी शेजारी सांगतात. आमच्या सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, "नशीब, आपल्या लग्नात तरी शेवटपर्यंत थांबलात."

"तेव्हा स्कूटर नव्हती," मी म्हणालो.

बबनरावांची आणि माझी ओळख कात्रजच्या तळ्यावरची, सकाळच्या फिरण्यातली. त्यांची शेती होती तिथे आता चौदा मजले उभे आहेत. तरी त्यांनी दोन म्हशी ठेवल्यात आणि धोतर, सदरा, टोपी हा पोशाख ठेवलाय. ते मला 'राम राम सायेब' म्हणतात, मी 'जय भीम बबनराव' म्हणतो, आणि मग आम्ही तळ्याला दोन फेऱ्या मारतो. त्यांची नात पल्लवी फुटबॉल खेळायची. हे बबनरावांना मुळीच मान्य नव्हतं. एकदा तर त्यांनी तिचे खिळ्यांचे बूट वैरणीत लपवले. म्हशीने ते हुडकून काढले आणि एक चघळला. पोरगी दोन दिवस जेवली नाही. तेव्हा मध्यस्थी मी केली. बूट नवे आले. तिच्या शिबिरांचे अर्ज, दाखले, पासपोर्ट, सगळं मी भरून दिलं. ती मला 'साहेब आजोबा' म्हणायला लागली, आणि मला ते फार आवडायला लागलं. पुढे जे घडलं त्याला हे आवडणंही कारणीभूत आहे.

बबनराव विरघळायला वेळ लागला, पण विरघळले. बुटांचं त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. एक दिवस ते नातीला म्हणाले, "तू देशाकडनं खेळशील त्या दिशी म्या बघाया यीन. कुठं बी असंना का." ही गोष्ट कधी घडणार नाही या भरवशावर त्यांनी शब्द दिला असावा. चार वर्षांपूर्वी तिची निवड झाली आणि पहिलाच सामना ताश्कंदला निघाला. त्या दिवशी बबनरावांनी तळ्याला एक फेरी पूर्ण केली. मग म्हणाले, "सायेब, पासपोर्ट काढाया काय काय लागतं?"

पहिला दिवस

विमानप्रवासाबद्दल काही लिहीत नाही. बसलो, उतरलो.

झुल्फिया नावाच्या एका बाईंच्या घरात आम्ही खोली घेतली होती. अंगणात द्राक्षाचा मांडव, त्याखाली लाकडी चौथरा, त्यावर गाद्या. आम्ही टेकताच बाईंनी छातीवर हात ठेवून मान लववली आणि बिनदांड्याच्या वाडग्यांत चहा ओतला. दुधाशिवाय, साखरेशिवाय, आणि अर्धाच.

मी बबनरावांकडे पाहिलं. "पाहुण्याला अर्धा कप. मला वाटत होतं ही पद्धत फक्त आमच्या पेठांतली."

बबनराव म्हणाले, "दूध बी न्हाई. म्हशीवाल्याचा येवढा अपमान कुनी केला न्हवता."

संध्याकाळी उलगडा झाला. बाईंच्या शेजारच्या घरात लातूरकडचा एक विद्यार्थी राहायचा, तिथे डॉक्टरकी शिकणारा. अक्षय त्याचं नाव. तो हसून म्हणाला, "आजोबा, इथे अर्धा म्हणजे मान. संपला की परत ओततात, म्हणजे तुम्ही बसावं म्हणून. वाडगं भरून दिलं तर समजायचं, प्या आणि निघा."

हे ऐकून मी अस्वस्थ झालो. आयुष्यभर मी लोकांच्या घरी 'चहा पूर्ण द्या' असं बजावत आलो होतो.

दुसरा दिवस

या दिवशी आम्ही बाजारात गेलो. निळ्या घुमटाखाली मनुका, जर्दाळू, अक्रोड यांच्या राशी, आणि प्रत्येक दुकानदार 'चाखून बघा' म्हणून मूठ भरतोय. आमच्याकडे चव मागितली तर दुकानदार आधी चष्म्यावरून बघतो. बबनरावांनी पुढे सरकत सरकत इतकं चाखलं की जेवणाची गरज उरली नव्हती. पण पुलाव खायचाच असं अक्षयने बजावलं होतं. अख्खी बैलगाडी मावावी एवढ्या मोठ्या कढईत तो शिजत होता. पिवळं गाजर, तांदूळ, आणि वर मांसाच्या चकत्या. बबनराव मनापासून जेवले. शेवटच्या चकतीला त्यांनी विचारलं, "ह्ये कशाचं?"

अक्षयने सांगितलं, "घोड्याचं."

बबनरावांचा हात थांबला. आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते. बबनरावांची स्वतःची घोडी होती, तिचा फोटो त्यांच्या घरात देवांच्या रांगेत आहे. 

"चवीला चांगलं हाय," ते शेवटी म्हणाले. "पन सायेब, ह्ये घरी सांगू नगा."

मी शब्द दिला. तो आज मोडला. पण त्यांनी माझ्यासाठी जे पोटात ठेवलं त्यापुढे घोडा काहीच नाही.

तिसरा दिवस : सामना

जुन्या लेखातली सूचना क्रमांक चार अशी होती : 'पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांनी यजमान संघाच्या रंगाचे कपडे घालू नयेत.' ही सूचना मला कशी सुचली ते मी लिहिलं नव्हतं. यजमानांचा रंग पांढरा होता. आणि बबनराव डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. फाटकावरच्या लोकांना वाटलं, एवढ्या निष्ठेने सजलेला म्हातारा आपलाच असणार. त्यांनी मला पाहुण्या प्रेक्षकांसाठी वेगळ्या काढलेल्या कठड्याकडे वळवलं आणि बबनरावांना सन्मानाने यजमानांत नेऊन बसवलं. मी पोचेपर्यंत चार जणांनी त्यांच्यासोबत फोटो काढले होते आणि एकाने त्यांच्या हातात झेंडा दिला होता. पासपोर्ट दाखवून मी त्यांना सोडवून आणलं आणि माझ्या गळ्यातला निळा मफलर त्यांच्या टोपीवर बांधला.

सूचना क्रमांक नऊ : 'छत्री नेऊ नये.' पुणेकर माणूस ऑक्टोबर संपेपर्यंत छत्रीशिवाय बाहेर पडत नाही, मग देश कुठलाही असो. ही छत्री मला खात्याने निवृत्तीला दिलेली. फाटकावर ती काढून घेतली. मी पावती मागितली. पावती द्यायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. मग मी डायरीचं पान फाडून स्वतःच मराठीत लिहिलं, 'छत्री, काळी, तीन घड्यांची, एक नग, सुस्थितीत मिळाली', आणि त्या पहारेकऱ्याची खाली सही घेतली. त्याने छातीवर हात ठेवून सही केली आणि तो कागद स्वतःच्याच खिशात ठेवला. मागे रांग खोळंबली होती. कोणीतरी त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणालं, पण चेहरा अगदी आमच्या बँकेतल्या रांगेतला होता.

आत आमच्या कठड्यात तीसेक भारतीय विद्यार्थी होते, त्यांच्याकडे एक ढोल होता. पल्लवी राखीव खेळाडूंच्या बाकावर बसली होती. आम्ही दिसताच तिने हात केला. बबनरावांनी उठून दोन्ही हात केले, मग टोपी हलवली, मग मफलर. पूर्वार्धात गोल झाला नाही. उत्तरार्धातही होईना. ऊन उतरलं, सिमेंटमधून थंडी वर यायला लागली. पल्लवी बाकावरच होती. बबनराव तिच्यावरून नजर काढत नव्हते. मैदानात चेंडू कुठे आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

आता मूळ गोष्टीवर येतो. सामना संपायला साधारण दहा मिनिटं उरली आणि मला ती छत्री दिसायला लागली. संपल्यावर पाहुण्या प्रेक्षकांना अर्धा तास आतच थांबवतात, यजमान पांगले की मग सोडतात, असं अक्षय सांगत होता. म्हणजे आधी ते सगळे आपापल्या वस्तू नेणार. माझी छत्री कोणाच्या तरी हाती जाणार. अंगातली पन्नास वर्षांची सवय जागी झाली आणि मी उठलो.

"चला बबनराव. गर्दी व्हायच्या आत निघू."

"धा मिन्टं तर ऱ्हायलीत."

"तेच म्हणतोय. दहा मिनिटांत काय होणार आहे?"

"सायेब, ती उठली बघा. पळाया लागली."

पल्लवी खरंच उठली होती. मैदानाच्या कडेने पळत होती, गुडघे वर घेत होती. मला फुटबॉलमधलं शून्य कळत होतं. पण खात्यात तीस वर्षं न कळणाऱ्या विषयांवर ठाम अभिप्राय देऊन मी बढत्या घेतल्या होत्या. मी म्हणालो, "अहो, थंडीने पाय आखडू नयेत म्हणून पळवतात त्यांना. आता कोणाला नव्याने घेत नसतात. ती खेळणार नाही आज."

बबनराव एकदा तिच्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. कागदपत्रांच्या बाबतीत ते कायम माझं ऐकत आले होते, आणि परदेशात त्यांना सगळंच कागदपत्रांपैकी वाटत होतं. ते उठले. जिन्यापर्यंत मागे वळून वळून बघत आले.

फाटकातून बाहेर पडलो. जमा वस्तूंपाशी रांगेत एकही माणूस नव्हता. पहारेकऱ्याने छत्री दिली, माझी पावती जपून ठेवली होती तीही परत केली, आणि पुन्हा छातीवर हात ठेवला. मी छत्री उघडून काड्या मोजत होतो, तेवढ्यात आतला आवाज थांबला. कालव्याचं दार बंद केल्यावर पाण्याचा आवाज थांबतो ना, तसा. इतका वेळ जे हजारो लोक ओरडत होते ते सगळे एकदम गप्प झाले.

"बघा," मी म्हणालो, "त्यांची माणसंसुद्धा कंटाळली. बरं झालं निघालो."

बबनराव कान देऊन उभे होते. "न्हाई सायेब," ते म्हणाले. "शर्यतीच्या घाटात दुसऱ्याचा बैल पुढं गेला की आमचा गाव असा गप व्हतो. कायतरी झालं."

आणि मग त्या शांततेत, लांब, एकटा ढोल वाजायला लागला. आपल्या मुलांचा.

परक्या मैदानात आपला गोल झाला की आवाज होत नाही, शांतता होते. ही गोष्ट सतरांपैकी कुठल्याही सूचनेत नव्हती. हीच लिहायला हवी होती.

बबनराव फाटकाकडे धावले. मी त्यांना धावताना पहिल्यांदा पाहिलं. पहारेकऱ्याने मान हलवली. एकदा बाहेर पडलेल्याला आत घेत नाहीत. त्याने यावेळीही छातीवर हात ठेवला आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. बबनराव गज धरून उभे राहिले. तिथून पायऱ्यांच्या खालचं सिमेंट तेवढं दिसत होतं. ते सिमेंटकडे बघत राहिले आणि मी त्यांच्यामागे उघडी छत्री घेऊन उभा होतो. ताश्कंदमध्ये त्या चार दिवसांत एक थेंब पडला नाही.

सामना आपण जिंकलो. अर्ध्या तासाने मुलं बाहेर आली आणि त्यांनी बबनरावांना खांद्यावर घेतलं. अक्षय ओरडत होता, "आजोबा, काय मारला हो पोरीनं! मैदानात येऊन पाच मिनिटं झाली नव्हती! डाव्या पायानं!"

"मारनारच," बबनराव वरून म्हणाले.

खाली उतरवल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "डाव्या पायानं म्हनला न्हवं?" आणि मग स्वतःशीच, "धारंची बादली बी डाव्यानंच उडवायची."

चौथा दिवस

सकाळी संघाच्या हॉटेलवर आम्हाला पल्लवीला भेटायची परवानगी मिळाली. ती जिना उतरून आली ती आजोबांच्या गळ्यात पडायला. मग मागे सरून म्हणाली, "आजोबा, गोल झाल्यावर मी तुमच्याकडेच पळत आले होते. दोन खुर्च्या रिकाम्या. कुठे होतात?"

बबनरावांनी तोंड उघडलं. ते काय सांगणार होते ते मला आजही माहीत नाही, कारण त्यांच्या आधी मी बोललो. साहेब आजोबा छत्री आणायला गेले होते, हे तिच्या तोंडावर सांगण्याची माझ्यात हिंमत नव्हती.

"आजोबांना जरा चक्कर आली," मी म्हणालो.

बबनरावांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग नातीला म्हणाले, "व्हय. जरा गरगरलं."

पल्लवीने संघाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी तिथेच बबनरावांचा रक्तदाब बघितला. तरुणासारखा होता. "तुमचाही बघू का?" त्या मला म्हणाल्या. माझा बघितला आणि मला ताबडतोब खुर्चीवर बसवलं.

निघताना झुल्फियाबाईंनी दोघांपुढे एकेक गोल, शिक्का मारलेली रोटी धरली आणि चावा घ्यायला लावला. अक्षयने पद्धत समजावली. लांब जाणाऱ्याने एक घास घ्यायचा, उरलेली रोटी घरात टांगून ठेवतात, आणि त्याने परत येऊन ती संपवायची. मी चावा घेतला तर कवळी रोटीत राहिली. ती सोडवताना रोटीचे तुकडे झाले, त्यामुळे माझी रोटी मी पुरती तिथेच संपवली. बबनरावांची तेवढी खुंटीला टांगली.

पुणे

आल्यावर बबनरावांचं आयुष्य बदललं. घरात मीठ बंद झालं. दोन तपासण्या झाल्या, दोन्ही चांगल्या आल्या, तर 'चांगल्या आल्यात म्हणजे लपून बसलेलं असेल' म्हणून तिसरी केली. घाट चढायची बंदी. म्हशींचं दूध काढायचं नाही, वाकल्यावर चक्कर येते म्हणून. सूनबाई मला म्हणायच्या, "साहेब, तुम्ही होतात म्हणून बरं, नाहीतर परमुलखात त्यांचं काय झालं असतं!" आणि मला पुरणपोळी वाढायच्या. शेजारी बबनराव अळणी भाजी खात बसलेले. त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. फक्त एकदा म्हणाले, "सायेब, पोळी गरम हाय तवर खा."

पल्लवी त्यानंतर कितीदा खेळली, गोव्याला, दिल्लीला. घरचे सगळे गेले. 'आजोबांना झेपणार नाही,' म्हणून ते घरी टीव्हीसमोर. ताश्कंदच्या गोलाची चित्रफीत त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. तिच्यात कडेला, अगदी क्षणभर, आमच्या कठड्यातल्या दोन रिकाम्या खुर्च्या दिसतात. मी ती एकदाच पाहिली.

आता पुढच्या महिन्यात संघ पुन्हा ताश्कंदला चाललाय. बबनराव घरी म्हणाले, "म्या जानार. माझी भाकरी टांगलीया तिथं." घरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

म्हणून मी हे अंकात छापायला देतोय. सूनबाईंनी वाचावं, पल्लवीने वाचावं. बबनरावांना चक्कर आली नव्हती. त्यांना मीठ द्या, म्हशी द्या आणि त्यांचं तिकीट काढा. रोटीचं ते सांगतात ते खरं आहे.

खुद्द बबनरावांपाशी मी हे तोंडाने कबूल करायचा प्रयत्न चार वर्षांत कितीतरी वेळा केला. गेल्या आठवड्यात शेवटचा. तळ्याच्या कट्ट्यावर बसलो होतो, पहाटेचं धुकं, आसपास कोणी नाही. मी घसा साफ केला. म्हणालो, "बबनराव, ताश्कंदला त्या दिवशी..."

बबनराव उठले. धोतर झटकलं, टोपी नीट केली.

"चला सायेब," ते म्हणाले. "गर्दी व्हायच्या आत निघू."

तळ्याच्या बाहेर गाड्या लावायच्या जागेत माझी एकटी स्कूटर उभी होती. त्यांनी मला वाक्याच्या शेवटापर्यंत कधीच पोचू दिलं नाही. बाकीचं वाक्य असं होतं : चक्कर तुम्हाला आली नव्हती, मी तुम्हाला उठवलं, एका छत्रीसाठी, आणि पल्लवी पळायला लागली होती, हे तुम्हाला दिसलं होतं, मला नाही. मला माफ करा.